अपूर्णांक आणि त्रिकोणाचे कोन: गणित मागे राहिलेल्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून

ज्यांचं गणित शाळेतच मागे पडलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारे, आयटीआयला फिटरला नंबर लागलेले, भरतीची तयारी करणारे, आणि पाचवी-सहावीतल्या लेकराने वही पुढे केली की ज्यांच्या पोटात गोळा येतो ते आईबाप. हीच माणसं बाजारात हिशेबाला कुणाला ऐकत नाहीत. सव्वादोन किलो, पावणेतीनशे रुपये, दीडपट मजुरी, सगळं तोंडी. तेच वहीत आडवी रेघ मारून खाली-वर आकडे लिहिलेले दिसले की हात थांबतो. डोकं चालतंच आहे, अडतं ते लिहिण्याच्या रीतीपाशी, आणि ती रीत थोड्या सरावाने हाताला बसते.

पुस्तकात अपूर्णांक एका धड्यात आणि त्रिकोणाचे कोन दुसऱ्याच धड्यात असतात. मी शिकवताना ते एकापाठोपाठ घेते, कारण दोन्हींत काम एकच आहे: पूर्ण काय ते ठरवायचं आणि त्याचे भाग मोजायचे. अपूर्णांक नीट बसला की कोनांची निम्मी उदाहरणं तोंडी सुटतात.

सामान थोडंच लागतं: एक वही, पेन्सिल, पट्टी, चांदा आणि गुण्यांची (काटकोनी त्रिकोणी पट्ट्यांची) जोडी असलेली कंपासपेटी, आणि कात्री. कॅल्क्युलेटर लांब ठेवा.

आधी विचारा: कशाचा?

आडव्या रेघेखालचा आकडा म्हणजे छेद. पूर्णाचे किती समान भाग केले ते तो सांगतो. वरचा आकडा अंश, त्या भागांतले किती घेतले ते सांगणारा. ३/४ म्हणजे चार समान भाग करून त्यांतले तीन. ‘समान’ हा शब्द सोडू नका. शेताचे दोन लहानमोठे तुकडे केले तर त्यांतला एक काही १/२ होत नाही.

आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा पूर्ण म्हणजे एकर. एकराचे ४० गुंठे. हा ४० आकडा अपूर्णांक शिकायला फार सोयीचा आहे, कारण त्याचे २, ४, ५, ८, १० असे सरळ भाग पडतात. म्हणून पुढची बहुतेक उदाहरणं एकरावरच घेतली आहेत. वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा:

१/२ एकर = २० गुंठे
१/४ एकर = १० गुंठे
१/५ एकर = ८ गुंठे
१/८ एकर = ५ गुंठे

यावरून ३/४ एकर म्हणजे तीन वेळा १०, म्हणजे ३० गुंठे. ५/८ एकर म्हणजे पाच वेळा ५, म्हणजे २५ गुंठे. प्रत्येक अपूर्णांकाचे असे गुंठे काढता आले की पुढचं प्रत्येक उत्तर तुम्हाला स्वतःच तपासता येईल. मास्तर शेजारी असायची गरज नाही.

आता तो प्रश्न. आमच्या खानदेशातल्या अहिराणीत ‘कसाना?’ विचारतो तसं प्रत्येक अपूर्णांकाला विचारायचं: अर्धा खरा, पण कशाचा? गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की टंचाई धरतात. तिथे पूर्ण रुपया म्हणजे त्या पिकाचं ठरवलेलं प्रमाण उत्पन्न, आणि ५० पैसे म्हणजे त्याच्या निम्मं. कोणाच्या शेतात गेल्या वर्षी काय पिकलं त्याच्या निम्मं नव्हे. पूर्ण बदलला की त्याच १/२ चा अर्थ बदलतो. उलट सातबाऱ्यावरचं ७/१२ किंवा गट क्रमांकातलं ४५/२ हे अपूर्णांक नव्हेतच, ते नमुन्यांचे आणि पोटहिश्शाचे नुसते क्रमांक आहेत. तिरपी रेघ दिसली म्हणजे अपूर्णांक, असं धरू नका.

एकच वाटा, रूपं अनेक

२० गुंठे म्हणजे एकराचे ४० पैकी २० भाग, २०/४०. तेच १०/२०, तेच १/२. अंशाला आणि छेदाला (शून्य सोडून) एकाच संख्येने गुणलं किंवा भागलं तर अपूर्णांकाची किंमत हलत नाही. हे सममूल्य अपूर्णांक. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे घाई नको. २/५ चे सममूल्य लिहीत चला: ४/१०, ६/१५, ८/२०, १६/४०. प्रत्येकाचे गुंठे काढा, १६ च येतील.

उत्तर लिहिताना उलट दिशेने जायचं. १४/४० आलं तर वरखाली २ ने भाग द्या, ७/२०. आता ७ आणि २० या दोघांनाही भागेल अशी १ सोडून दुसरी संख्या उरली नाही, म्हणून हे अतिसंक्षिप्त रूप. मसावि (दोघांनाही भागणारी सर्वांत मोठी संख्या) काढून एकदम भागलं तरी चालेल, पण नवशिक्याने २, ३, ५ ने थोडं थोडं भागत जावं. चुका कमी होतात.

लहानमोठेपणा ठरवतानाही हेच. ३/५ मोठा की ५/८? नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड. छेद सारखे करा: ३/५ = २४/४०, ५/८ = २५/४०. एका गुंठ्याने ५/८ मोठा. पुस्तकातला तिरका गुणाकार (३ × ८ = २४ आणि ५ × ५ = २५) म्हणजे हेच काम, फक्त छेद न लिहिता केलेलं.

बेरीज: सगळ्यात जास्त चुका इथेच

१/२ + १/३ = २/५. ही चूक इतक्या वह्यांत दिसते की तिच्याकडे नीट पाहायलाच हवं. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले. आता गुंठे काढा: २/५ एकर म्हणजे १६ गुंठे. २० गुंठ्यांत आणखी भर घातली आणि १६ झाले? उत्तर चूक आहे हे इथेच कळतं.

पण पोरं असं का करतात, तेही समजून घ्या. गुणपत्रिकेत एका चाचणीत २० पैकी १५, दुसरीत २५ पैकी १०, मिळून ४५ पैकी २५, असं लिहितात आणि ते बरोबर असतं. कारण तिथे दुसऱ्या पेपरबरोबर पूर्णही वाढला. जमिनीच्या बेरजेत पूर्ण तोच राहतो, एकच एकर. मुलाने अशी चूक केली तर नियम बजावण्याआधी हा फरक दाखवा. त्याने जे पाहिलं होतं तेच तो लिहितो आहे.

योग्य रीत अशी. भाग सारख्या मापाचे झाल्याशिवाय ते एकत्र मोजता येत नाहीत. म्हणून:

पहिलं, दोन्ही छेदांचा लसावि काढा, म्हणजे दोघांनीही भाग जाणारी सर्वांत लहान संख्या. २ आणि ३ चा ६.
दुसरं, दोन्ही अपूर्णांक त्या छेदाचे करा. १/२ = ३/६, १/३ = २/६.
तिसरं, फक्त अंश मिळवा. ५/६. छेद तसाच राहतो, कारण भागाचं माप बदललेलं नाही.

एक पूर्ण उदाहरण करू. एका एकरात १/४ वर कांदा आणि २/५ वर कापूस लावला, बाकीच्यावर मका. मका किती जमिनीवर? ४ आणि ५ चा लसावि २०. १/४ = ५/२०, २/५ = ८/२०, मिळून १३/२०. पूर्ण एकर म्हणजे २०/२०. त्यातून १३/२० गेले, उरले ७/२०. तपासा: कांदा १०, कापूस १६, मिळून २६. चाळीसातून २६ गेले, १४ गुंठे. ७/२० एकर म्हणजे १४ गुंठेच. जुळलं.

या उदाहरणातली ‘पूर्ण म्हणजे २०/२०’ ही पायरी ध्यानात ठेवा, त्रिकोणात तीच लागणार आहे.

वजाबाकीत नवीन काही नाही, फक्त हातचा मागताना गोंधळ होतो. सव्वातीन एकरातून पावणेदोन गेले तर? तोंडी सांगाल, दीड. कागदावर ते ३ १/४ − १ ३/४. एका चतुर्थांशातून तीन चतुर्थांश जात नाहीत, म्हणून तीनातला एक पूर्ण सुटा करायचा: तो झाला ४/४. मग ३ १/४ चं रूप २ ५/४. आता २ ५/४ − १ ३/४ = १ २/४ = १ १/२. हातचा दहाचा नसतो, छेदाएवढा असतो. इथे चार.

गुणाकार आणि भागाकार

अपूर्णांकाआधी ‘चा, ची, चे’ आलं की तिथे गुणाकार. ३/४ एकराचा २/३ भाग म्हणजे ३/४ × २/३. अंशाला अंशाने, छेदाला छेदाने गुणा: ६/१२, म्हणजे १/२. गुंठ्यांत ३० चे दोन तृतीयांश २०. इथे छेद सारखे करायची गरज नाही, आणि उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान येतं याचं नवल वाटू देऊ नका. वाट्याचाही वाटा काढला की तो लहानच होणार.

भागाकारात ‘उलटा करून गुणा’ एवढंच पाठ असतं, का ते कुणी सांगितलेलं नसतं. ३/४ ÷ १/८ म्हणजे प्रश्न असा: पाऊण एकरात १/८ एकराचे किती तुकडे बसतील? एका पूर्ण एकरात असे ८ बसतात. मग पाऊण एकरात ८ चे पाऊण, म्हणजे ३/४ × ८ = ६. भाजक १/८ होता, त्याच्या जागी ८ ने गुणलं. आता तुकडा तिप्पट मोठा, ३/८ एकराचा घ्या. तुकडा तिप्पट झाला की तुकड्यांची संख्या एकतृतीयांश होते, ६ ऐवजी २. म्हणजे ८ ने गुणून ३ ने भागलं: ३/४ × ८/३ = २. गुंठ्यांत ३० ÷ १५ = २. उलटा करण्यामागे एवढंच आहे.

हा नियम आपल्या भागात आज-कालचा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत तो आहेच: भाजकाचे अंश-छेद उलटे करा आणि मग गुणाकार करा. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाणाऱ्यांना हे नाव परिचयाचं असेल. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद करणारा शिलालेख तिथलाच. खानदेशात आठशे वर्षांपूर्वी बसून कुणी तरी हेच अपूर्णांक घोटत होतं, या विचाराने मला तरी फार बळ येतं.

त्याच ग्रंथातलं भुंग्यांचं उदाहरण इथवर आलेल्या प्रत्येकाने सोडवावं. थव्यातला १/५ भाग कदंबावर गेला, १/३ शिलींध्राच्या फुलावर, आणि या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. एक भुंगा उरला. थवा केवढा?

छेद १५ करा. १/५ = ३/१५, १/३ = ५/१५. फरक २/१५, त्याची तिप्पट ६/१५. सगळे मिळून ३ + ५ + ६ = १४, म्हणजे १४/१५. पूर्ण म्हणजे १५/१५, उरला १/१५. तो एक भुंगा आहे. म्हणजे थवा १५ चा. ३, ५, ६ आणि १, बेरीज करून पाहा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि ‘पूर्ण म्हणजे किती’ हे सगळं एकाच उदाहरणात आलं.

कोन: वळण मोजणं

कोन म्हणजे वळण. उभं राहून स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतली की ३६० अंश. (कोनाच्या मापाला अंश म्हणतात आणि अपूर्णांकातल्या वरच्या आकड्यालाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून कोनासाठी आकड्यावर छोटं वर्तुळ काढायची सवय लावा, ९०°.) अर्धी गिरकी १८०°, तो सरळकोन. पाव गिरकी ९०°, तो काटकोन. काटकोनाहून लहान तो लघुकोन. काटकोनाहून मोठा पण सरळकोनाहून लहान तो विशालकोन. पाव, अर्धा, पूर्ण: अपूर्णांक इथे आलेच.

चांदा लावायची रीत एकदा नीट शिका. चांद्याच्या सरळ कडेवर मधोमध एक खूण असते, ती कोनाच्या टोकावर, शिरोबिंदूवर, अगदी नेमकी ठेवायची. मग चांदा फिरवून त्याची शून्याची रेघ एका भुजेवर बसवायची. दुसरी भुजा चांद्यावर जिथे येते तिथला आकडा वाचायचा. चांद्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून ० सुरू होणारी, एक उजवीकडून. तुमची पहिली भुजा ज्या ओळीच्या ० वर आहे, तीच ओळ धरून मोजा. इथे चुकलं की ५० च्या जागी १३० वाचलं जातं. म्हणून चांदा लावण्याआधी नजरेने ठरवा, कोन काटकोनाहून लहान की मोठा. लहान दिसत असेल तर १३० येऊच शकत नाही. भुजा आखूड असेल तर पट्टीने लांबवा. भुजा लांबवल्याने कोन वाढत नाही.

सरावासाठी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात महाराष्ट्राचं पान उघडा. त्यावर पातळ कागद ठेवून जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही तीन ठिकाणं टिंबांनी घ्या आणि जोडा. खानदेशाच्या तीन जिल्ह्यांच्या मुख्य गावांचा हा त्रिकोण चांगलाच चपटा निघतो. धुळ्यापाशी मोठा विशालकोन, सव्वाशे ते एकशेतीस अंशांच्या दरम्यान. जळगाव आणि नंदुरबारला पंचविसाच्या आसपास, लहानसे. तिन्ही मापं लिहा आणि मिळवा. १८० किंवा त्याच्या एखाद-दोन अंश अलीकडे-पलीकडे येईल. तो थोडा फरक पेन्सिलीच्या जाडीचा आणि हाताचा.

१८० च का?

कागदाचा कुठलाही त्रिकोण कापा. तिन्ही कोपऱ्यांना पेन्सिलीने रंग द्या, कोपरे फाडा आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवा. खालची कड सरळ रेघ होते. उंच त्रिकोण घ्या, चपटा घ्या, तेच होतं. वयाने मोठी माणसंही हे पहिल्यांदा केल्यावर दुसरा कागद मागतात.

पण फाडून दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. मोजण्यात फरक राहतो आणि जगातले सगळे त्रिकोण काही फाडता येत नाहीत. सिद्धता दोन ओळींची आहे. त्रिकोण अबक काढा, बक हा पाया आडवा. अ मधून पायाला समांतर रेषा काढा. अ पाशी त्या रेषेच्या खाली तीन कोन शेजारी बसलेले दिसतील. मधला त्रिकोणाचाच अ कोन. डावीकडचा कोन आणि ब कोन हे व्युत्क्रम कोन, अब ही त्यांची छेदिका (दोन्ही समांतर रेषांना छेदणारी रेषा); व्युत्क्रम म्हणजे छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे आतले कोन. रेषा समांतर आहेत म्हणून ते समान. उजवीकडचा तसाच क कोनाएवढा. तिघे मिळून एका सरळ रेषेवर बसले आहेत, म्हणजे १८०°. परीक्षेत आकृती काढून एवढंच लिहायचं, फक्त प्रत्येक ओळीपुढे कारण द्यायचं.

यातूनच बाह्यकोन मिळतो. पाया बक हा क च्या पुढे लांबवला की बाहेर जो कोन होतो, तो अ आणि ब या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या (त्रिकोणाच्या आतल्या, क पासून दूरच्या कोनांच्या) बेरजेएवढा. अ ५५° आणि ब ६५° असतील तर बाह्यकोन १२०°. क काढायची गरजही पडली नाही.

आता दोन्ही एकत्र

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज हा पूर्ण धरा. मग प्रत्येक कोन त्या पूर्णाचा एक वाटा, आणि तीन वाट्यांची बेरीज नेहमी १. कंपासपेटीतला लांबट गुण्या हातात घ्या. त्याचे कोन ९०, ६०, ३०. १८० च्या हिशेबाने हे १/२, १/३, १/६. बेरीज करा: ३/६ + २/६ + १/६ = ६/६. दुसरा गुण्या ९०, ४५, ४५, म्हणजे १/२ + १/४ + १/४. दोन्ही गुण्ये म्हणजे प्लास्टिकमध्ये कापलेल्या अपूर्णांकांच्या बेरजा आहेत!

याचा फायदा लगेच दिसतो. एखाद्या त्रिकोणाचे कोन बेरजेच्या १/२, १/३ आणि १/४ असू शकतील का? छेद १२: ६ + ४ + ३ = १३, म्हणजे १३/१२. एकाहून जास्त. असा त्रिकोण नाही, चांदा काढायलाच नको. त्रिकोणात दोन काटकोन का नसतात? १/२ + १/२ मध्येच पूर्ण संपला, तिसऱ्याला काही उरलं नाही.

गुणोत्तराची उदाहरणंही अशीच. कोन २ : ३ : ४ या प्रमाणात आहेत. एकूण वाटे ९. म्हणजे कोन १८० चे २/९, ३/९, ४/९. एक वाटा १८० ÷ ९ = २०. कोन ४०°, ६०°, ८०°. बेरीज १८०. ‘समजा एक कोन क्ष’ असं समीकरण मांडूनही हेच येतं, पण वाटे मोजणं नवशिक्याला लवकर जमतं आणि चुकलं तर कुठे चुकलं ते दिसतं.

अपूर्णांकी मापं आली की माणसं दचकतात. दोन कोन ६७ १/२° आणि ४५ ३/४°, तिसरा किती? साडेसदुसष्ट आणि पावणेशेहेचाळीस, मिळून एकशे सव्वातेरा. कागदावर ६७ २/४ + ४५ ३/४ = ११२ ५/४ = ११३ १/४. आता १८० तून वजा करायला १८० ला १७९ ४/४ लिहा: १७९ ४/४ − ११३ १/४ = ६६ ३/४. पावणेसदुसष्ट. तोंडी आणि लेखी दोन्ही उत्तरं जुळवून पाहायची सवय लावा. ज्यांच्या घरी पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) पाठ असलेलं कुणी वडीलधारं आहे, त्यांनी त्यांना शेजारी बसवावं.

समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, हे वापरून: पायाचा प्रत्येक कोन शिरकोनाच्या (समान बाजूंमधल्या कोनाच्या) दीडपट आहे. शिरकोन एक वाटा, पायाचे दीड आणि दीड, एकूण चार वाटे. एक वाटा ४५°. म्हणजे शिरकोन ४५°, पायाचे साडेसदुसष्ट-साडेसदुसष्ट.

समभुज त्रिकोणाचं एक चित्र बागेत दिसतं. फळझाडं त्रिकोणी पद्धतीने लावली की शेजारची कुठलीही तीन झाडं मिळून समभुज त्रिकोण होतो, प्रत्येक कोन ६०°. एका झाडापाशी उभे राहा, भोवती असे सहा त्रिकोण, सहा वेळा ६० म्हणजे पूर्ण ३६०. झाडाझाडातलं अंतर तेच ठेवूनही ओळी जवळ येतात आणि चौरस पद्धतीपेक्षा साधारण १५ टक्के झाडं जास्त बसतात. इथे तो पहिला प्रश्न पुन्हा विचारा. ६०° म्हणजे कितवा भाग? त्रिकोणाच्या बेरजेचा १/३, पण झाडाभोवतीच्या पूर्ण वळणाचा १/६. कशाचा ते सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

घराचा पाया आखताना गवंडी दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करतात आणि तिरपं अंतर ५ फूट भरतंय का पाहतात. भरलं की कोपरा गुण्यात. तो काटकोन, म्हणजे १/२. उरलेले दोन कोन मिळून ९०°, मात्र त्यांची मापं गुण्यासारखी सरळ नसतात, साधारण ३७ आणि ५३.

सरावाला

पहिली चार उदाहरणं लेखी करा आणि मग एकराचे गुंठे काढून तपासा.

१. २/५ + १/४
२. ७/८ − ३/५
३. ५/८ चा २/५
४. ३/५ ÷ ३/२०
५. त्रिकोणाचे दोन कोन ३८ १/२° आणि ७१ ३/४°. तिसरा किती?
६. दोन कोन बेरजेच्या १/४ आणि ५/१२ आहेत. तिसरा कितवा भाग? तिन्हींची मापं काढा.
७. कोन १ : ४ : ५ या प्रमाणात. त्रिकोण कोणत्या प्रकारचा?
८. बेरजेचे २/३, १/४, १/८ असे कोन असलेला त्रिकोण काढता येईल का?
९. समद्विभुज त्रिकोणाचा शिरकोन पायाच्या एका कोनाच्या १/३ आहे. कोन काढा. (उत्तर पूर्णांकात येणार नाही, घाबरू नका.)

उत्तरं: १) १३/२०, म्हणजे २६ गुंठे. २) ११/४०, म्हणजे ११ गुंठे. ३) १/४, म्हणजे १० गुंठे. ४) ४, कारण २४ गुंठ्यांत ६ गुंठ्यांचे चार तुकडे. ५) ६९ ३/४°, पावणेसत्तर. ६) १/३, ४५°, ७५°, ६०°. ७) १८°, ७२°, ९०°, काटकोन त्रिकोण. ८) नाही, बेरीज २५/२४ येते. ९) सात वाटे; शिरकोन २५ ५/७°, पायाचे कोन प्रत्येकी ७७ १/७°.